मेक्सिकन कुटुंबातल्या मुलीला नर्सिंगसाठी शिष्यवृत्ती: अर्ज कुठे करायचा आणि सही करण्याआधी काय वाचायचं

कॅलिफोर्नियात फ्रेस्नोच्या रुग्णालयात काम करणाऱ्या एका नाशिककर ताईंनी विचारलं आहे: "माझ्या वॉर्डातली नर्सिंग असिस्टंट मूळची मेक्सिकोची. तिच्या मुलीला कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सार्वजनिक कॉलेजात) नर्सिंगला प्रवेश मिळालाय, ऑगस्टपासून वर्ग सुरू. मुलगी इथेच जन्मलेली, वडील शेतमजूर. लॅटिनो मुलांसाठी पुष्कळ शिष्यवृत्त्या असतात असं ऐकते, त्यातल्या खऱ्या कुठल्या? काहींना बाँड असतो म्हणतात, तो घ्यावा का? आणि माझी मुलगीही दोन वर्षांत नर्सिंगला जाणार आहे. तिला यातलं काही चालेल का?"

ताई, मी याच खोऱ्यात नर्सिंग शिकवते आणि दर वसंतात स्थानिक शिष्यवृत्त्यांचे अर्ज वाचायला बसते. तेव्हा उत्तर थोडं लांबेल.

आधी आपल्याकडच्या माणसाचा हमखास होणारा गैरसमज दूर करते. महाराष्ट्रात शिष्यवृत्ती म्हटलं की डोळ्यांसमोर महाडीबीटीचं पोर्टल, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि पडताळणी येते. इथे तसा दाखला देणारं कुठलंही कार्यालय नाही. हिस्पॅनिक (स्पॅनिश संस्कृतीच्या मुळाचं, ढोबळमानाने लॅटिनो) की नाही, हे माणूस स्वतःच फॉर्मवर सांगतो. सरकारी मदतही वंशावर ठरत नाही. ती घरच्या उत्पन्नावर आणि नागरिकत्वावर ठरते. "लॅटिनोंसाठी" म्हणून ज्या शिष्यवृत्त्या आहेत त्या बहुतेक खासगी निधींच्या, संघटनांच्या आणि कंपन्यांच्या. तिथेही गेल्या दोन-तीन वर्षांत वारं बदललंय. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार करण्यावर बंदी आणली. तो निकाल प्रवेशाबद्दल होता, पण त्यानंतर शिष्यवृत्त्यांवरही खटले सुरू झाले. मॅकडॉनल्ड्सची हासेर नावाची जुनी शिष्यवृत्ती आहे, १९८५ मध्ये एल पासोच्या एका मॅकडॉनल्ड्स-मालकाने सुरू केलेली. तिच्यात आई-वडिलांपैकी एक तरी लॅटिनो असावा अशी अट होती. जानेवारी २०२५ मध्ये खटला झाला, तडजोड झाली आणि ती अट गेली. आता तिथे अर्जदाराने लॅटिनो समाजासाठी काय काम केलंय ते बघतात.

माझ्या मते त्या मुलीसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. आडनावावर पैसे मिळण्याचे दिवस सरत चाललेत. आपल्या भागात, आपल्या माणसांसाठी काय केलंस आणि पदवीनंतर कुठे राहून काम करणार आहेस, हे ठोसपणे दाखवता आलं तर दारं उघडतात. शेतमजुराची मुलगी, घरात स्पॅनिश, आई रुग्णालयात. हे सगळं तिच्याकडे आधीच आहे, फक्त ते नीट मांडायला शिकायचंय.

याची गरज का आहे, हेही सांगते, कारण निबंधात तिला ते लिहावं लागेल. २०२० च्या जनगणनेत अमेरिकेत हिस्पॅनिक लोक १८.७ टक्के होते. त्याच वर्षी झालेल्या राष्ट्रीय पाहणीत नोंदणीकृत नर्सेसमध्ये त्यांचं प्रमाण होतं ५.६ टक्के, आणि २०२२ च्या पाहणीत ६.९. कॅलिफोर्नियात तर जवळजवळ चाळीस टक्के लोक हिस्पॅनिक आहेत. तुम्ही वॉर्डात रोज बघत असाल: डिस्चार्जच्या वेळी इन्सुलिन कसं घ्यायचं हे टॅब्लेटवरच्या दुभाष्यामार्फत सांगितलं जातं, म्हातारी मान डोलावते आणि तीन आठवड्यांनी परत दाखल होते. दुभाषा भाषांतर चोख करतो. पण घरात तांदूळ किती शिजतो, तोर्तिया किती लागतात, इन्सुलिन ठेवायला फ्रिजमध्ये जागा आहे का, की एका खोलीत तीन कुटुंबं राहतात, हे विचारायला त्या घरातलं कोणीतरी नर्सच्या गणवेशात लागतं.

आता पैशांकडे येते. कम्युनिटी कॉलेजात शिकवणी शुल्क हा मोठा प्रश्न नाही. कॅलिफोर्नियात ते युनिटमागे (श्रेयांकामागे) ४६ डॉलर आहे आणि उत्पन्न कमी असेल तर राज्याच्या प्रॉमिस ग्रँट या सवलतीने तेही माफ होतं. नर्सिंगच्या मुली अडतात त्या दुसऱ्याच खर्चात. स्क्रब्ज, बूट, स्टेथोस्कोप, लसी आणि टायटरच्या (प्रतिकारशक्ती मोजणाऱ्या) चाचण्या, पार्श्वभूमी तपासणी, बीएलएसचं (प्राथमिक जीवरक्षणाच्या प्रशिक्षणाचं) कार्ड, ऑनलाइन चाचण्यांचं पॅकेज, आणि शेवटी परवाना मंडळाची अर्ज फी, बोटांचे ठसे आणि एनक्लेक्स या परवाना परीक्षेचे २०० डॉलर. त्याहून मोठा खर्च म्हणजे बुडालेला पगार. क्लिनिकलच्या, म्हणजे रुग्णालयातल्या प्रशिक्षणाच्या, बारा-बारा तासांच्या पाळ्या सुरू झाल्या की पूर्णवेळ नोकरी सुटते, आणि या खोऱ्यात पहाटे साडेपाचला चाळीस मैलांवरच्या रुग्णालयात पोचायला गाडीशिवाय उपाय नाही. मी मुलींना अभ्यासात नापास होऊन सोडताना जितकं पाहिलंय, त्याहून जास्त गाडी बंद पडून किंवा घरभाडं थकून सोडताना पाहिलंय. म्हणून तिला सांगा, शिष्यवृत्ती शोधताना ती "फक्त शुल्कासाठी" आहे की "राहणीमानाच्या खर्चालाही" चालते, हे पहिल्यांदा वाचायचं. शुल्क माफच असेल तर पहिल्या प्रकारचा तिला काही उपयोग नाही. एक कराची बाबही लक्षात ठेवायची: शुल्क आणि सक्तीची पुस्तकं यांवर खर्च झालेल्या रकमेवर कर नाही, भाडं-जेवणावर खर्च झालेली रक्कम करपात्र धरतात.

पाया म्हणजे फाफ्सा, केंद्राच्या आर्थिक मदतीचा अर्ज. तो भरल्याशिवाय केंद्राची पेल ग्रँट नाही (२०२५-२६ साठी कमाल ७,३९५ डॉलर), आणि कितीतरी खासगी शिष्यवृत्त्याही फाफ्सातून निघणारा गरजेचा आकडा मागतात. राज्याच्या कॅल ग्रँटसाठी २ मार्चची तारीख पाळायची. कम्युनिटी कॉलेजला सप्टेंबरची दुसरी तारीख असते, पण तिच्यावर विसंबू नका. तुम्ही लिहिलेलं नाही, पण या भागातल्या पुष्कळ घरांत असतं म्हणून सांगते: मुलगी नागरिक असली आणि आई किंवा वडिलांकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसला, तरी तिला फाफ्सा भरता येतो. २०२४-२५ चा नवा फॉर्म आला तेव्हा अशा पालकांची खाती महिनोन्महिने उघडतच नव्हती, आणि त्या वर्षी कितीतरी मुलांनी नाद सोडला. तांत्रिक अडचण सुटली, भीती मात्र राहिली. आपली माहिती केंद्र सरकारकडे जाऊ नये असं वाटणाऱ्या कुटुंबांना राज्याने कॅलिफोर्निया ड्रीम अ‍ॅक्टचा अर्ज भरण्याची मुभा दिली आहे. हा मुळात कागदपत्रं नसलेल्या विद्यार्थ्यांसाठीचा अर्ज, तो राज्याकडेच राहतो. पण मग राज्याची मदत मिळते, पेल हातचा जातो. हा निर्णय त्या घराने घ्यायचा. आपण बाहेरून "भरून टाका, काही होत नाही" असं म्हणू नये. कॉलेजातल्या ड्रीम सेंटरमध्ये (स्थलांतरित विद्यार्थ्यांच्या मदत केंद्रात) किंवा आर्थिक मदत कचेरीत बसून, समजून घेऊन ठरवू द्या.

त्याला लागूनच एक कळकळीची सूचना. निबंधात वडिलांच्या किंवा आणखी कोणाच्या इमिग्रेशनच्या कागदपत्रांबद्दल एक अक्षर लिहू नये. मुली भावनेच्या भरात लिहितात. ते निबंध समितीतल्या सात-आठ जणांच्या इनबॉक्समध्ये फिरतात, कधी छापूनही टेबलावर पडलेले असतात. कष्ट लिहा, स्थलांतर लिहा, कायदेशीर स्थिती लिहू नका.

वडील शेतमजूर आहेत म्हणालात. मग कॅम्प हा कार्यक्रम आधी विचारा. स्थलांतरित आणि हंगामी शेतमजुरांच्या मुलांना कॉलेजच्या पहिल्या वर्षी आधार देण्यासाठी १९७२ पासून चालत आलेली ही केंद्राची योजना आहे. फ्रेस्नो स्टेट विद्यापीठात ती अनेक वर्षं चालली आहे. अट अशी की गेल्या २४ महिन्यांत स्वतः किंवा पालकांनी किमान ७५ दिवस शेतीकाम केलेलं असावं. पुरावा म्हणून पगाराच्या चिठ्ठ्या लागतात आणि ठेकेदाराकडच्या चिठ्ठ्या घरात कोणी जपून ठेवत नाही, म्हणून आजच शोधायला सांगा. केंद्राच्या अंदाजपत्रकातल्या ओढाताणीत २०२५ पासून या योजनेच्या काही ठिकाणच्या अनुदानांना फटका बसलाय, तेव्हा तिच्या कॉलेजात ती चालू आहे का, हे फोन करून विचारणं आलंच.

मोठ्या राष्ट्रीय निधींमध्ये सगळ्यांच्या तोंडी नाव असतं हिस्पॅनिक स्कॉलरशिप फंडाचं. १९७५ मध्ये अर्नेस्ट रोब्लेस नावाच्या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने घर गहाण टाकून त्याची सुरुवात केली. साधारण ५०० ते ५,००० डॉलरपर्यंत रक्कम मिळते, अर्ज जानेवारी ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत असतात. पण तो चार वर्षांच्या विद्यापीठात पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे या मुलीला आत्ता नाही. दोन वर्षांनी ती आरएन (नोंदणीकृत नर्स) होऊन बीएसएनसाठी (नर्सिंगच्या पदवीसाठी) विद्यापीठात गेली की तेव्हा अर्ज करायचा. ज्या याद्या इंटरनेटवर फिरतात त्यांत ही अट लिहिलेली नसते आणि कम्युनिटी कॉलेजच्या मुली दोन रात्री जागून अर्ज भरतात.

नर्सिंगपुरतं बोलायचं तर नॅशनल असोसिएशन ऑफ हिस्पॅनिक नर्सेस, म्हणजे नान, ही खरी घरची संस्था. तिची स्थापना इल्दाउरा मुरियो-रोडे यांनी केली. मूळच्या पनामाच्या या नर्स १९४५ मध्ये अमेरिकेत आल्या, टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओला शिकल्या, आणि तिथे इतकी स्पॅनिश बोलणारी वस्ती असून नर्सेस जवळजवळ नाहीतच, हे त्यांच्या मनाला लागलं. पुढे केंद्र सरकारच्या समित्यांवर अनुदानांचे प्रस्ताव तपासायला बसल्या तर तिथेही त्या एकट्याच. १९७५ च्या सुमारास संस्था उभी राहिली. तिच्या शिष्यवृत्तीसाठी सभासद व्हावं लागतं, विद्यार्थ्यांना वर्गणी सवलतीत असते. राष्ट्रीय शिष्यवृत्तीला देशभरातून अर्ज येतात. म्हणून मी मुलींना राष्ट्रीय अर्ज भरायला सांगतेच, पण त्याआधी जवळच्या शाखेच्या बैठकीला जायला सांगते. कितीतरी शाखा स्वतःचा निधी गोळा करून लहान शिष्यवृत्त्या देतात, आणि तिथे अर्ज वाचणाऱ्या बाईंनी तुम्हाला आरोग्य मेळाव्यात रक्तदाब मोजताना पाहिलेलं असतं. पैशांपलीकडेही मिळतं. पहिल्या वर्षी फार्माकॉलॉजीत गटांगळ्या खाणाऱ्या मुलीला रात्री फोन करता येईल अशी सीनियर नर्स तिथे भेटते.

लुलाक ही १९२९ मध्ये टेक्सासच्या कॉर्पस ख्रिस्तीत स्थापन झालेली लॅटिनोंची जुनी संघटना. तिच्या स्थानिक शाखा पैसे उभे करतात, त्यात कंपन्यांची भर पडते आणि मग शिष्यवृत्त्या दिल्या जातात. तिच्या गावाजवळ शाखा असेल तर जरूर. राष्ट्रीय विद्यार्थी नर्स संघटनेच्या प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्त्या आहेत, त्या कुठल्याही वंशाच्या नर्सिंग विद्यार्थ्यांसाठी. नर्सिंगला "प्रत्यक्ष प्रवेश" झालेला असावा, अशी अट मात्र बहुतेक नर्सिंग शिष्यवृत्त्यांना असते. अ‍ॅनाटॉमी, मायक्रोबायॉलॉजीसारखे पूर्वविषय करत असणाऱ्यांना त्या मिळत नाहीत. ऑगस्टचं प्रवेशपत्र हातात आल्यामुळे तिच्यासाठी हे दार उघडलं आहे.

तरीही जास्तीत जास्त वेळ कुठे घालवावा असं विचाराल तर मी म्हणेन, तिच्याच जिल्ह्यातल्या लहान शिष्यवृत्त्यांवर. कॉलेजचं फाउंडेशन, रुग्णालयाचं ऑक्झिलियरी (स्वयंसेवकांचं) मंडळ, रोटरी, चर्च, शेतकरी सहकारी संस्था, आईचं युनियन. तुमच्याच रुग्णालयात कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी काही आहे का, ते एचआरला विचारा. आईला हा प्रश्न विचारायचं सुचत नाही, कारण असं काही असतं हेच तिला कोणी सांगितलेलं नसतं. पाचशे-हजार डॉलरच्या या शिष्यवृत्त्यांना अर्ज मोजके येतात. माझ्या समितीत अशी वर्षं आली आहेत की पैसे होते आणि पात्र अर्जदार पुरेसे नव्हते. त्याच वर्षी वर्गात बसलेल्या मुली मला सांगत होत्या की आम्हाला काही मिळत नाही. अशा चार लहान रकमा जमल्या की एका सत्राचं पेट्रोल आणि परीक्षेची फी सुटते. आणखी एक: बाहेरची शिष्यवृत्ती मिळाली की कॉलेजने आपली मदत तेवढीच कापायची, असा प्रकार पूर्वी सर्रास चालायचा. कॅलिफोर्नियात २०२३-२४ पासून सार्वजनिक कॉलेजांना गरजू विद्यार्थ्यांच्या बाबतीत ते करायला कायद्याने आडकाठी आहे. कापलं तर आर्थिक मदत कचेरीत जाऊन विचारायचं, गप्प बसायचं नाही.

निबंधाबद्दल थोडं सविस्तर, कारण इथेच अर्ज मार खातात. लॅटिना मुलींच्या दहा निबंधांतले आठ एकाच ओळीने सुरू होतात: लहानपणी आजीबरोबर दवाखान्यात जाऊन मी दुभाष्याचं काम केलं. ते खरं असतं, कष्टाचंही असतं, पण समितीने ते त्या संध्याकाळी सहा वेळा वाचलेलं असतं. मला लक्षात राहिलेला निबंध सांगते. तुलारे काउंटीतल्या संत्र्यांच्या बागेत काम करणाऱ्यांसाठी क्लिनिकने शनिवारी तपासणी ठेवली होती. ही मुलगी तेव्हा सीएनए (नर्सिंग असिस्टंट) होती, प्रोमोतोरा, म्हणजे वस्तीतल्या आरोग्यसेविका, यांच्याबरोबर रक्तदाब मोजत होती. तिला दिसलं की बऱ्याच बायकांचा दाब जास्त आहे, घरी गोळ्या आहेत, पण त्या घेत नाहीत. कारण विचारलं तर आधी कोणी बोलेना. मग एकीने हळूच सांगितलं की गोळीने लघवी फार होते, संडास ओळीच्या टोकाला, मजुरी वेचलेल्या मालावर मिळते, दर तासाला गेलं तर दिवसाचा पैसा बुडतो. नियमाने संडास पाव मैलाच्या किंवा पाच मिनिटं चालण्याच्या आत असावा लागतो, पण पाच मिनिटं जायला आणि पाच यायला म्हणजे किती डबे संत्री गेली, याचा हिशेब त्या बाईच्या डोक्यात पक्का होता. मुलीने ते क्लिनिकच्या नर्सला सांगितलं, नर्सने डॉक्टरांशी बोलून त्या बाईंची गोळी बदलून घेतली. निबंध जेमतेम दीड पान. "सेवा" हा शब्द त्यात कुठेही नव्हता. समितीत त्याच्यावर चर्चाच झाली नाही, सगळ्यांनी पहिला क्रमांक दिला होता.

तुमच्या सहकारिणीच्या मुलीकडे असं काहीतरी नक्की असेल. तिला प्रश्न विचारून ते बाहेर काढा: कोण होतं, काय अडलं, तू काय बघितलंस, पुढे काय झालं. आणि विचारा, घरात फक्त स्पॅनिशच आहे का? मदेरा, सलिनास, ऑक्सनार्डच्या बाजूला मेक्सिकोतल्या ओआहाकाहून आलेली पुष्कळ कुटुंबं मिश्तेक ही तिथली आदिवासी भाषा बोलतात, त्यांच्या आज्यांना स्पॅनिशही धड येत नाही. रुग्णालयात त्यांना स्पॅनिश दुभाषा दिला जातो आणि सगळे समजतात की काम झालं. अशी भाषा येणारी नर्स या भागात किती मोलाची आहे हे त्या मुलींना स्वतःला ठाऊक नसतं. त्यातल्या काही जणी तर ती भाषा येते हे लपवतात, कारण शाळेत त्यावरून चिडवलेलं असतं. अर्जात ते पहिल्या परिच्छेदात यायला हवं.

शिफारसपत्रही त्याच धर्तीचं हवं. "मेहनती, नम्र, वेळेवर येणारी" अशी पत्रं आम्ही ढिगाने वाचतो. पत्र देणाऱ्याला तिने स्वतःच एका कागदावर लिहून द्यावं: किती महिने काम केलं, कुठे, कोणत्या रुग्णांबरोबर, आणि त्यांनी पाहिलेला एखादा प्रसंग. आणि मुदतीच्या किमान तीन आठवडे आधी मागावं.

आता बाँड. आपल्याकडे बाँड म्हटलं की वैद्यकीय शिक्षणानंतरची ग्रामीण सेवा आठवते, आणि दंड भरून सुटणारेही आठवतात. इथला मोठा कार्यक्रम म्हणजे केंद्राचा नर्स कोअर. शुल्क, फी, पुस्तकांसारखे खर्च आणि शिवाय दरमहा स्टायपेंड. त्या बदल्यात पदवीनंतर नर्सेसचा तीव्र तुटवडा असलेल्या, त्यांच्या निकषात बसणाऱ्या संस्थेत किमान दोन वर्षं पूर्णवेळ काम. एका वर्षाचे पैसे घेतले तरी सेवा दोन वर्षांचीच. नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असावं लागतं, वंशाचा संबंध नाही, सर्वाधिक आर्थिक गरज असलेल्यांना प्राधान्य. अर्ज वसंतात निघतात. या मुलीने तो भरावाच असं माझं मत आहे. जिला तशीही इथल्याच खोऱ्यात राहून काम करायचंय तिला ही दोन वर्षं ओझं नाहीत. कम्युनिटी कॉलेजात शुल्क जवळजवळ शून्य असल्यामुळे तिच्यासाठी खरा फायदा स्टायपेंडचा.

पण सही करण्याआधी तीन गोष्टी तिच्याकडून वदवून घ्या. एक, नोकरी सरकार देत नाही, तीच शोधायची आहे आणि ती मान्य यादीतल्या ठिकाणीच. दोन, नव्या पदवीधर नर्सला छोटी क्लिनिकं सहसा घेत नाहीत, त्यांना वर्षभराचा रुग्णालयाचा अनुभव हवा असतो. म्हणून "क्लिनिका सिएरा व्हिस्तासारख्या आमच्या क्लिनिकमध्येच जाईन" हे स्वप्न पहिल्या दिवशी पुरं होईलच असं नाही, जवळचं कुठलं रुग्णालय निकषात बसतं ते आधीच बघून ठेवायचं. तीन, मध्येच सोडलं, नापास होऊन बाहेर पडली किंवा सेवा पुरी केली नाही, तर दिलेले सगळे पैसे व्याजासकट परत. लग्न होऊन दुसऱ्या राज्यात जायचा विचार असेल तर तो आधीच मोकळेपणाने बोलून घ्यावा. दुसऱ्या राज्यातही मान्य संस्था असतात, पण शोधाशोध तिचीच.

राज्याची एचकाय (HCAI) ही आरोग्यविषयक संस्थाही नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देते, त्या बदल्यात कॅलिफोर्नियातल्या तुटवड्याच्या भागात थेट रुग्णसेवा मागते. दरवर्षी कोणते कार्यक्रम खुले आहेत ते त्यांच्या पोर्टलवर बघावं लागतं. एक सक्त सूचना: दोन ठिकाणच्या सेवेच्या अटी एकाच काळात पुऱ्या करता येतात असं गृहीत धरायचं नाही. दोन्हीकडून लेखी विचारायचं. आणि काही रुग्णालयं "आमच्याकडे तीन वर्षं काम करा, शिक्षणाचा खर्च आम्ही देतो" म्हणतात. त्यात कुठल्या विभागात, कुठल्या पाळीत, किती पगारावर हे लिहिलेलं नसेल तर मी सही करू देत नाही. हे सगळं नको वाटलं तरी मार्ग बंद होत नाही. कर्ज काढून शिकली आणि नंतर तुटवड्याच्या संस्थेत लागली, तर नर्स कोअरचाच कर्जफेडीचा कार्यक्रम दोन वर्षांच्या सेवेसाठी पात्र कर्जाचा ६० टक्के भाग फेडतो, तिसऱ्या वर्षासाठी आणखी २५ टक्के.

मुलीच्या वर्गात डाका (लहानपणी आणलेल्यांना मिळणारं हद्दपारीपासूनचं तात्पुरतं संरक्षण) असलेल्या किंवा कागदपत्रं नसलेल्या मैत्रिणी असतील. त्यांना फाफ्सातून मिळणारी केंद्राची मदत आणि नर्स कोअर दोन्ही बंद आहेत. त्यांच्यासाठी कॅलिफोर्नियाचा ड्रीम अ‍ॅक्ट अर्ज आहे, आणि मालडेफ ही लॅटिनोंच्या हक्कांसाठी लढणारी संस्था इमिग्रेशनची स्थिती न बघणाऱ्या शिष्यवृत्त्यांची यादी काढते. परवान्याची काळजीही त्यांना असते. कॅलिफोर्नियात २०१४ च्या कायद्याने परवाना मंडळं सोशल सिक्युरिटी नंबरऐवजी आयटिन हा करदात्याचा क्रमांक स्वीकारतात, म्हणजे आरएनचा परवाना मिळू शकतो. नोकरीसाठी काम करण्याची परवानगी ही मात्र वेगळी गोष्ट, तिथे वकिलाचाच सल्ला घ्यायचा. गल्लीतल्या "नोतारिओ"कडे जायचं नाही. लॅटिन अमेरिकेत नोतारिओ हा मोठा कायदेतज्ज्ञ असतो, इथे तो फक्त शिक्का मारणारा माणूस. या गोंधळावर पोट भरणाऱ्यांनी कित्येक कुटुंबं नागवली आहेत. तसंच, अर्जासाठी "प्रोसेसिंग फी" मागणारी शिष्यवृत्ती दिसली की पान बंद करायचं. संस्थेची सभासद वर्गणी वेगळी, अर्जाचे पैसे वेगळे.

तुमच्या मुलीबद्दल. नर्स कोअर, राज्याच्या शिष्यवृत्त्या, विद्यार्थी नर्स संघटनेचं प्रतिष्ठान, कॉलेजचं फाउंडेशन, ती नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असेल तर हे सगळं तिला खुलं आहे. लॅटिनो समाजातल्या कामावर आधारलेल्या शिष्यवृत्त्यांचाही प्रामाणिकपणे विचार करता येईल, जर तिने ते काम खरोखर केलं असेल तर. तुम्ही फ्रेस्नोत राहता, शाळेत तिने स्पॅनिश घेतलं असेल, क्लिनिकच्या मेळाव्यांना आतापासून जाऊ लागली तर दोन वर्षांत तिच्याकडे सांगण्यासारखं खूप असेल. पण ज्या फॉर्मवर हिस्पॅनिक मूळ विचारलंय तिथे खूण करायची नाही. हे मुद्दाम सांगते, कारण गोव्याकडच्या घरांतून मला विचारणा होते: आडनाव फर्नांडिस, सगळे आम्हाला मेक्सिकनच समजतात, मग चालेल ना? नाही चालत. सरकारी व्याख्या स्पॅनिश संस्कृतीच्या मुळाची आहे: मेक्सिको, प्वेर्तो रिको, क्युबा, मध्य आणि दक्षिण अमेरिका वगैरे. पोर्तुगीज आडनावाचे गोवेकर त्यात बसत नाहीत. खोटी खूण पुढे उघडकीस आली तर शिष्यवृत्ती जाते आणि परवाना मंडळासमोर चारित्र्याचा प्रश्न उभा राहू शकतो. भारतीय नर्सेसची नाइना ही संघटना आहे, तिच्या तुमच्या भागातल्या शाखेकडे चौकशी करा.

आता क्रम. या आठवड्यात फाफ्सा की ड्रीम अ‍ॅक्टचा अर्ज याचा निर्णय आणि २ मार्चच्या आत तो भरून टाकणं. त्याच सुमारास कॉलेज फाउंडेशनचा अर्ज, जो बहुतेक ठिकाणी एकच भरला की अनेक शिष्यवृत्त्यांना लागू होतो. वडिलांच्या पगाराच्या चिठ्ठ्या घेऊन कॅम्पची चौकशी. नानच्या जवळच्या शाखेची पुढची बैठक कधी आहे ते बघून मुलीला स्वतः घेऊन जा, पहिल्यांदा एकटी जायला मुली बिचकतात. नर्स कोअर उघडला की त्याची मार्गदर्शक पुस्तिका छापून घ्या, ती लांबलचक आहे, पण सेवेच्या अटींचं प्रकरण तुम्ही दोघींनी मोठ्याने वाचा आणि आईला मुलीने स्पॅनिशमध्ये समजावून सांगावं. वर्ग सुरू झाले की पहिल्याच आठवड्यात कॉलेजच्या बेसिक नीड्स सेंटरमध्ये जाऊन ओळख करून ठेवायची, टायर फुटल्यावर नव्हे. तिथे तातडीची मदत आणि धान्य मिळतं, आणि नर्सिंगच्या मुलींनी ते घेण्यात काहीही कमीपणा नाही.

तिचा निबंध तयार झाला की मला पाठवा, मी वाचून खुणा करून देईन. कुठल्याही बाँडच्या कागदावर सही करायची वेळ आली तर तो कागदही आधी पाठवा.